वाघाच्या नावानं देणगी देण्याआधी: संस्थेचा पैसा आणि काम कसं तपासायचं

२९ जुलैचा व्याघ्र दिन आला किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातला वन्यजीव सप्ताह आला की आपल्या नागपुरातल्या प्रत्येक ग्रुपवर देणगीची आवाहनं सुरू होतात, बछड्यांसोबत वाघिणीचा फोटो, दोन ओळी आणि खाली क्यूआर कोड. लोक देतातही, मनापासून देतात, कारण पेंच, उमरेड-कऱ्हांडला, बोर, ताडोबा, नागझिरा हे सगळं आपल्याला घरचंच वाटतं. २०१६ मध्ये उमरेड-कऱ्हांडल्याचा जय वाघ दिसेनासा झाला तेव्हा इथं चहाच्या टपरीवरसुद्धा त्याचीच चौकशी चालायची, आठवत असेल. देणाऱ्याचं मन एवढं मोठं आहे म्हणूनच द्यायच्या आधी नीट पाहून घ्या असं मला कळकळीनं सांगायचं आहे, कारण तोच पैसा नीट काम करणाऱ्या माणसांकडे गेला तर कुही-भिवापूरकडच्या एखाद्या गावात माणूस आणि जनावर दोघांचाही जीव वाचतो.

ज्यांनी आयुष्यात कधी बॅलन्स शीट उघडली नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय. अकाउंट्स येत नसलं तरी चालतं, टक्केवारी काढता आली आणि प्रश्न विचारायला लाज वाटली नाही की झालं.

आधी संस्था कागदावर कोण आहे ते पहा

महाराष्ट्रात बहुतेक संस्था एकतर १८६० च्या सोसायटी कायद्याखाली आणि सोबतच धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या असतात, नाहीतर सरळ ट्रस्ट असतात. पावतीवर एफ किंवा ई अक्षरानं सुरू होणारा नंबर आणि पुढे जिल्ह्याचं नाव दिसलं तर तो हाच नोंदणी नंबर, एफ म्हणजे सोसायटी आणि ई म्हणजे ट्रस्ट. तिसरा प्रकार म्हणजे कंपनी कायदा २०१३ खालची कलम ८ ची कंपनी, तिचे हिशोब कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर थोडी फी भरून कोणालाही पाहता येतात. ट्रस्ट-सोसायटीसाठी नागपूरला सहधर्मादाय आयुक्तांचं ऑफिस आहे, तिथं अर्ज करून नोंदीची नक्कल मागता येते. हाती आली की सगळ्यात आधी विश्वस्तांची नावं वाचा, एकाच आडनावाची किती आहेत ते पहा आणि शेवटचा चेंज रिपोर्ट, म्हणजे कार्यकारिणी बदलल्याची नोंद, कधीचा आहे ते पहा. दहा-पंधरा वर्षं कार्यकारिणी बदलल्याची नोंदच नसेल तर संस्थेच्या बैठका तरी होतात का, हे विचारायला पाहिजे.

मग आयकर. १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जी (देणाऱ्याला करात सूट) ही दोन नावं सगळ्यांनी ऐकलेली असतात, पण २०२१ पासून या नोंदण्या कायमच्या राहिल्या नाहीत, मुदत संपली की रिन्यू कराव्या लागतात, त्यामुळे भिंतीवर फ्रेम करून लावलेलं जुनं सर्टिफिकेट आज कामाचं नाही, सध्याची ऑर्डर मागा आणि मुदत तपासा. आयकराचा नवा कायदा २०२५ मध्ये पास झाला आणि १ एप्रिल २०२६ पासून कलमांचे नंबर बदलले, म्हणून नंबरात अडकू नका, नोंदणी चालू आहे का एवढंच महत्त्वाचं. परदेशातून पैसा घेत असतील तर एफसीआरए, म्हणजे परदेशी निधीच्या कायद्याखालची नोंदणी लागते आणि अशा संस्थेला त्या पैशाचा ऑडिट केलेला हिशोब वर्ष संपल्यावर नऊ महिन्यांत स्वतःच्या किंवा सरकारनं ठरवून दिलेल्या वेबसाइटवर टाकावा लागतो, तेव्हा जानेवारीत वेबसाइट उघडून पहा, आहे का नाही ते लगेच कळतं.

पण एवढ्यानं फक्त संस्था अस्तित्वात आहे इतकंच सिद्ध होतं. बरेच लोक इथेच थांबतात, ८०जी आहे ना, मग झालं, असं म्हणतात. खरं काम इथून पुढे सुरू होतं.

तीन वर्षांचे कागद मागा

सरळ मेल करा. असं लिहिलं तरी पुरे: "नमस्कार, मी नागपूरला राहतो, तुमच्या कामाला मदत करायचा विचार आहे. मागच्या तीन वर्षांचे ऑडिट केलेले हिशोब, शेड्युल आणि नोट्ससकट, आणि वार्षिक अहवाल पाठवाल का?" शेड्युल आणि नोट्ससकट हे शब्द विसरू नका, कारण नुसत्या पहिल्या पानावर सगळं गोड दिसतं आणि कामाच्या गोष्टी मागच्या पानांवर असतात.

उत्तराला वेळ द्या बाप्पा, लहान संस्थेत हिशोब पाहणारा एकच माणूस असतो आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत वणव्याचा सीझन असतो, फील्डवरची माणसं तेव्हा श्वास घ्यायलाही मोकळी नसतात. उशिरा आलेलं पण पूर्ण उत्तर चांगलंच समजा. "तुम्ही कोण, तुम्हाला काहून पाहिजे" असं उत्तर आलं, किंवा हिशोबाऐवजी फोटोंचा फोल्डर आला, तर ते लक्षात ठेवा.

कागद आल्यावर ऑडिट रिपोर्टच्या शेवटी सीएच्या सहीजवळ यूडीआयएन नावाचा १८ अक्षर-आकड्यांचा नंबर असतो. तो सीए इन्स्टिट्यूटच्या साइटवर टाकला की हा रिपोर्ट खरंच त्या सीएनं दिलाय का हे दोन मिनिटांत कळतं, फुकट आहे, करून पहाच. आणि ऑडिटरनं "सोडून", "वगळता", "पडताळता आलं नाही" अशा भाषेत काही लिहिलं असेल तर त्या ओळी दोनदा वाचा, ऑडिटर असं उगाच लिहीत नाही.

आकडे वाचताना कुठे थांबायचं

पहिलं उत्पन्न पहा. पैसा कोणाकडून येतो? समजा ९० टक्के पैसा एकाच कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामाच्या निधीतून येतोय, तर त्यात चूक काही नाही, कंपनी कायद्यातच वनस्पती आणि प्राण्यांच्या रक्षणाचा समावेश आहे, पण ती कंपनी पुढच्या वर्षी दुसरीकडे वळली तर गावात नेमलेल्या पोरांचं काय होणार हा प्रश्न विचारायलाच पाहिजे. पाच-सहा ठिकाणांहून थोडं थोडं येत असेल तर संस्था जास्त भक्कम असते.

दुसरं, वर्षाअखेर पैसे उरलेले दिसले की नवीन माणूस लगेच म्हणतो, बघा, खर्चच केला नाही. थांबा. एखादी ग्रँट मार्चमध्ये जमा होते आणि काम पावसाळ्यानंतर सुरू होतं, मग ती रक्कम न खर्चलेली ग्रँट म्हणून देण्याच्या बाजूला दाखवतात, तो नफा नसतो, त्या कामासाठी बांधलेला पैसा असतो. कॉर्पस, म्हणजे कायम जपून ठेवायचा निधी, वेगळा, त्याचं फक्त व्याज वापरायचं असतं. माझ्या मते सहा महिने ते वर्षभराचा खर्च निघेल एवढी शिल्लक कोणत्याही संस्थेकडे असलीच पाहिजे, नाहीतर ग्रँटचा एक हप्ता लांबला की काम बंद. पण तीन-चार वर्षांच्या खर्चाएवढ्या एफडी पडून आहेत आणि तरीही "आज मदत नाही केली तर वाघ वाचणार नाही" असं आवाहन चाललंय, तर हे काय आहे म्हणून सरळ विचारा.

तिसरं, कोणाला पैसे गेले. ऑफिसचं भाडं विश्वस्ताच्याच घराला जातंय का, गाडी विश्वस्ताच्या भावाची आहे का, "सल्लागार फी", "इतर खर्च", "अॅडव्हान्स" हे आकडे दर वर्षी फुगतायत का. विश्वस्तानं स्वतःची जागा बाजारभावापेक्षा कमी भाड्यानं दिली असेल तर ती मदतच आहे, पण ते नोट्समध्ये उघडपणे लिहिलेलं असायला पाहिजे.

अॅडमिनच्या टक्केवारीनं फसू नका

याच्यावर मी जरा जास्त बोलणार, कारण सगळ्यात जास्त चांगल्या संस्थांचं नुकसान इथे होतं. "आमचा ९५ टक्के पैसा थेट वाघांसाठी" असं वाचलं की लोक खुश होतात. थेट वाघांसाठी म्हणजे काय हो? वाघाला कोणी पैसे नेऊन देत नाही. पैसा जातो देवलापारच्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या फील्ड कोऑर्डिनेटरच्या पगाराला, मोटरसायकलच्या पेट्रोलला, रात्री गावात वाघ शिरला तेव्हा गर्दी आवरायला धावणाऱ्या प्राथमिक प्रतिसाद दलाच्या पोरांच्या बुटांना, टॉर्चला, विम्याला. आता तोच कोऑर्डिनेटरचा पगार एक संस्था प्रोग्राममध्ये दाखवते आणि दुसरी अॅडमिनमध्ये, मग एकीचं अॅडमिन ६ टक्के दिसतं, दुसरीचं २२ टक्के, आणि काम मात्र सारखंच.

परदेशी निधीपुरती कायद्यानं मर्यादा आहे, २०२० च्या दुरुस्तीनंतर त्यातला २० टक्क्यांपर्यंतच पैसा प्रशासनावर खर्चता येतो, आधी ही मर्यादा ५० टक्के होती. ती पाळलीच पाहिजे. बाकी पैशात मात्र टक्केवारीपेक्षा मी दोन प्रश्न विचारतो: फील्ड स्टाफचा पगार महिन्याच्या कितव्या तारखेला होतो, आणि त्यांचा अपघात विमा आहे का. या दोन प्रश्नांची उत्तरं पटकन आणि स्पष्ट आली तर संस्था माणसं सांभाळते असं समजायला हरकत नाही, आणि जी स्वतःची माणसं सांभाळत नाही ती जंगल किती दिवस सांभाळणार.

खर्चाची एक ओळ पकडा आणि गावापर्यंत जा

सगळा अहवाल तपासायला जाऊ नका, दमून जाल. एक ओळ निवडा. आपल्या भागातलं उदाहरण घेऊ, विहिरींचे कठडे. विदर्भात जंगलाला लागून असलेल्या शेतांमध्ये कठडा नसलेल्या, जमिनीबरोबर तोंड असलेल्या विहिरी भरपूर आहेत, रात्री सावजामागे पळताना बिबट्या पडतो, रानडुक्कर पडतं, कधी वाघ पडतो, माणसंही पडतात. म्हणून बऱ्याच संस्था कठडे बांधून देतात किंवा वर जाळी टाकतात. काम एकदम मोलाचं आहे.

समजा अहवालात लिहिलंय ५० विहिरी आणि हिशोबात त्या प्रोजेक्टसमोर १५ लाख. म्हणजे एका विहिरीला ३० हजार. आता यादी मागा, गावाचं नाव, गट नंबर, कोणत्या महिन्यात काम झालं, आधीचा आणि नंतरचा फोटो. काम खरं असेल तर ही यादी संस्थेकडे तयार असतेच, कारण मिस्त्रीचं बिल आणि सिमेंटचं बिल देताना ती लागलेली असते. मग उमरेड रोडनं एखाद्या रविवारी निघा, यादीतल्या तीन-चार विहिरी स्वतःच्या मनानं निवडा, त्यांनी दाखवलेल्याच पाहू नका.

तिथं काय पाहायचं? कठडा कंबरेएवढा तरी आहे का, पहिल्या पावसात तडे गेलेत का, जाळी असेल तर ती उचलायची सोय आहे का, कारण मोटर खराब झाली की शेतकरी जाळी काढतो आणि परत बसवणं अवघड असेल तर ती बांधावरच गंजत पडते. विहीर कुठे आहे हे सगळ्यात महत्त्वाचं: जंगलाच्या कडेला, जनावरांच्या वाटेवर आहे, का डांबरी रोडला लागून, जिथं पाहुण्यांची गाडी आणि फोटोग्राफर सहज पोचतात तिथं? शेजारच्या तीन शेतांतल्या विहिरी उघड्याच असतील तर जनावर त्यात पडणारच. शेतकऱ्याला विचारा, "भाऊ, हे कोणी बांधून दिलं? तुम्ही किती टाकले?" शेतकऱ्यानं स्वतः थोडे पैसे किंवा मजुरी दिली असेल तर तो कठडा दहा वर्षं टिकतो असं मी समजतो.

आणि इथेच दुहेरी मोजणीपण पकडता येते. बफरच्या, म्हणजे व्याघ्र प्रकल्पाच्या कडेच्या पट्ट्यातल्या गावांमध्ये राज्य सरकारची डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना २०१५ पासून चालू आहे, गॅस, सौर कुंपण अशी कामं त्यातून होतात, शिवाय पेंच आणि ताडोबाच्या स्वतःच्या व्याघ्र संवर्धन फाउंडेशन आहेत, त्यांचाही पैसा गावात येतो. त्यामुळे एकाच सौर कुंपणावर सरकारी योजना, फाउंडेशन, कंपनी आणि संस्था असे चौघं आपलं नाव सांगू शकतात. संस्थेनं सरळ लिहिलं की कुंपण योजनेतून आलं, आम्ही फक्त अर्ज भरून दिले आणि दुरुस्ती शिकवली, तर मला ती संस्था जास्त आवडते, कारण अर्ज भरणं आणि दुरुस्ती हेच गावात अडतं.

केलेलं काम आणि पडलेला फरक

५० कठडे हे केलेलं काम झालं. त्या रेंजमध्ये विहिरीत जनावर पडायच्या घटना कमी झाल्या का, हा फरक झाला. वनखात्याकडे अशा रेस्क्यूची नोंद असते, आरएफओ, म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या ऑफिसला विचारा, नाही सांगितलं तर आरटीआय टाका, फी १० रुपये आहे. फक्त एका वर्षावरून ठरवू नका, घटना मुळातच थोड्या असतात, कमीजास्त होतच राहतात, चार-पाच वर्षांचं पहा.

जनजागृतीच्या कार्यक्रमांचं असंच. "२०० गावांत कार्यक्रम" वाचायला मोठं वाटतं. पण आपल्याकडे वाघाच्या हल्ल्यांचा धोका कधी वाढतो? मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला पहाटे अंधारात बाया जंगलात जातात, वाकून वेचत असतात, आणि मे महिन्यात तेंदूपत्ता. मग कार्यक्रम फेब्रुवारीत झाले का डिसेंबरमध्ये शाळेच्या स्नेहसंमेलनात? मोहफुलं वेचणाऱ्या बाया समोर होत्या का फक्त पाचवीची पोरं? तारखा आणि हजेरी मागितली की हे दिसतं.

शिकाऱ्यांनी लावलेले फासे शोधायच्या गस्तीत तर आकडा उलटा वाचायची सवय लागते. आधी ४० फासे सापडले, यंदा ९०, म्हणजे शिकार वाढली का? तसंच काही नाही, यंदा जास्त किलोमीटर फिरले असतील. म्हणून किती किलोमीटर गस्तीमागे किती फासे हा आकडा मागा. नुसत्या फाशांचा ढीग घालून काढलेल्या फोटोतून काहीच कळत नाही. रानडुकरांसाठी कुंपणात सोडलेल्या करंटचंही तसंच, जयचाच बछडा श्रीनिवास २०१७ मध्ये नागभीडजवळ अशाच करंटनं गेला, तेव्हा रात्रीची गस्त, वीज कंपनीच्या माणसांशी बोलणं, शेतकऱ्याला पिकाची भरपाई लवकर मिळवून देणं असं काही संस्था करतेय का हे विचारा, कारण शेतकऱ्याचं नुकसान तसंच राहिलं तर करंट थांबत नाही.

वाघ वाढले त्याचं श्रेय

महाराष्ट्रात २००६ च्या मोजणीत अंदाजे १०३ वाघ होते, २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४. देशात २००६ ला १४११, २०२२ ला किमान ३१६७ आणि सरासरी अंदाज ३६८२. ही मोजणी राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था राज्यांच्या वनखात्यांसोबत दर चार वर्षांनी करतात. मोजणीचं क्षेत्र आणि पद्धतही या काळात सुधारत गेली. त्यामुळे कोणत्याही एका संस्थेनं "आमच्यामुळे वाघ वाढले" म्हटलं की पुढचं वाचताना सावध राहा.

याउलट पेंचमधून जाणाऱ्या नागपूर-शिवनी रोडचं, म्हणजे आजच्या एनएच ४४ चं पहा. रुंदीकरणात खालून जनावरांना जायला रस्ता ठेवावा म्हणून कार्यकर्ते, कोर्ट, वनखातं, महामार्ग प्राधिकरण, वन्यजीव संस्थेचे शास्त्रज्ञ यांची किती वर्षं ओढाताण चालली, शेवटी अंडरपास झाले, त्यात आपोआप फोटो काढणारे कॅमेरा ट्रॅप लावले आणि वाघांसकट बरीच जनावरं खालून जाताना टिपली गेली. असं काम एकट्याचं नसतं, आणि ज्या संस्थेचा अहवाल "आमचा वाटा इतका, बाकी यांचा" असं सांगतो तिच्यावर विश्वास ठेवता येतो. मला तर अहवालात "हे जमलं नाही" असा एक परिच्छेद असला की बरं वाटतं, जंगलाच्या कामात सगळंच जमलं असं कधीच होत नाही.

रेस्क्यूच्या दाव्यांचंही पाहून घ्या. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे वाघ-बिबट बेशुद्ध करणं, पकडणं हे मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीशिवाय होत नाही, रेस्क्यू सेंटर चालवायला केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते, जंगलात कॅमेरा ट्रॅप लावायलाही वनखात्याची परवानगी लागते. जखमी जनावरांवर उपचार करणारं सेमिनरी हिल्सचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरसुद्धा वनखात्याचंच आहे. म्हणून "आम्ही इतके बिबटे वाचवले" असं वाचलं की विचारा, तुमची भूमिका नेमकी काय होती, परवानगीचं पत्र किंवा वनखात्यासोबतचा करार आहे का. पिंजऱ्यातल्या जनावराला हात लावून काढलेले फोटो, साप गळ्यात घेतलेले व्हिडीओ जिथं दिसतील तिथं मी एक रुपयाही देत नाही.

पैसे देताना

खातं संस्थेच्या नावावर असलं पाहिजे, क्यूआर स्कॅन केल्यावर एखाद्या माणसाचं नाव आलं तर तिथंच थांबा. २००० रुपयांच्या वर रोख दिली तर ८०जीची सूट मिळत नाही, आणि नव्या टॅक्स रिजीममध्ये ती सूट नाहीच, तेव्हा सूट मिळेल म्हणून देत असाल तर आधी स्वतःची रिजीम पहा. पॅन नंबर द्या, कारण त्यावरून संस्था तुमची देणगी आयकर खात्याला कळवते आणि वर्ष संपल्यावर साधारण मे अखेरपर्यंत तुम्हाला सर्टिफिकेट मिळतं. ते आलं नाही तर मागा.

पहिल्या वेळी लहान रक्कम द्या आणि कशासाठी ते लिहून द्या, विहिरींसाठी, गस्तीसाठी, जे काही तुम्ही तपासलं त्यासाठी. वर्षभर काम पटलं तर पुढच्या वेळी "तुम्हाला जिथं गरज वाटेल तिथं वापरा" म्हणून द्या, राजेहो, कारण संस्थेला सगळ्यात जास्त अशाच मोकळ्या पैशाची टंचाई असते, भाडं, पेट्रोल, विमा, सीएची फी याला कोणी ग्रँट देत नाही. मार्चअखेरचं ऑडिट साधारण सप्टेंबरपर्यंत होऊन जातं, म्हणून ऑक्टोबरमध्ये तोच मेल पुन्हा टाका, या वेळी चौथ्या वर्षाचे हिशोब आणि तुम्ही पाहिलेल्या विहिरींची आजची स्थिती विचारून.